मोड, माळा आणि जुना बाजार : महाराष्ट्रातील गृहोपयोगी जुन्या वस्तूंचा पुनर्व्यवहार आणि इतिहासाचे साधन

प्रस्तावना

एखादी वस्तू निरुपयोगी ठरवून निकालात काढणे, या अर्थी मराठीत ‘मोडीत काढणे’ असा वाक्प्रचार आहे. त्याचा मूळ संदर्भ धातूच्या व्यवहारातला आहे. भांडे वा दागिना वस्तू म्हणून न विकता केवळ धातूच्या वजनावर विकला, म्हणजे तो मोडीत गेला. रुपयाच्या सुट्या पैशांनाही मोड म्हणण्याची रूढी होती. अखंड वस्तूची घडण बाजूला सारून तिला मोजण्याजोग्या द्रव्यात उतरवणे, ही कल्पना दोन्ही ठिकाणी समान आहे. मोडीच्या तराजूला भांड्याचा घाट, त्यावरील नक्षी, ते कोणाच्या घरातून आले, कोणाच्या लग्नात मिळाले, यांपैकी कशाशीच कर्तव्य नसते. डाग दिलेला असेल, लोखंडी कडी असेल, तर तेवढी घट धरायची आणि उरलेल्या वजनाचा भाव सांगायचा.

गेल्या काही दशकांत या तराजूला एक प्रतिस्पर्धी निर्माण झाला. जुन्या बाजारात हिंडून, घासाघीस करून घंगाळ, समई, पानाचा डबा, ग्रामोफोन, जुनी खुर्ची शोधून काढणारा आणि ती घासूनपुसून दिवाणखान्यात मांडणारा हौशी ग्राहक, हा तो प्रतिस्पर्धी होय. त्याच्यामुळे अनेक वस्तू भट्टीतून वाचल्या, हे निर्विवाद आहे. परंतु वाचलेल्या वस्तूसोबत तिचा इतिहासही वाचतो काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील, विशेषतः पुणे व मुंबई येथील, जुन्या गृहोपयोगी वस्तूंच्या व्यवहाराचा या प्रश्नाच्या अनुषंगाने विचार केला आहे.

धातू, वस्त्र आणि विटाळ

वापरलेली वस्तू विकत घेणे ही मराठी मध्यमवर्गीय घरात परवापरवापर्यंत अभिमानाने सांगण्याची गोष्ट नव्हती. याला दारिद्र्याच्या लाजेइतकीच शुद्धाशुद्धतेची धारणा कारणीभूत होती. मात्र ही धारणा सर्व पदार्थांना सारखी लागू नव्हती. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचा विचार आहे. तेथे तांबे, पितळ, कथील इत्यादी धातू क्षार, आम्ल व पाणी यांनी शुद्ध होतात असे सांगितले आहे. राख आणि चिंच यांनी भांडी घासण्याची घरोघरची रीत याच विचाराशी जुळणारी. मातीचे मडके विटाळले की प्रत्यक्ष व्यवहारात ते टाकले जाई, तांब्याचा हंडा मात्र घासून पुन्हा चुलीवर चढे. त्यामुळे धातूचे भांडे हाताहाती फिरू शकले. ते गहाण पडे, वाटणीत मिळे, मोडीत जाई आणि नव्या आकारात परत येई. तांबट आणि कासार यांच्या धंद्याचा मोठा भाग या फेऱ्यावर उभा होता. कच्चा माल म्हणजे पुष्कळदा जुन्या भांड्यांची मोडच असे.

वस्त्राची गोष्ट वेगळी. घरातल्या घरात जुन्या कपड्याला मोठा मान होता. नवजात अर्भकाच्या अंगाला पहिल्यांदा लागे ते नवे कापड नव्हे, तर आजीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचे दुपटे. नऊवारी लुगडे विटले की त्याचे थर एकावर एक घालून गोधडी शिवली जाई आणि गोधडी फाटली की ती पायपुसण्यापर्यंत पोहोचे. कुटुंबाच्या वर्तुळात जुन्याचे नवे करण्याला कसलीच आडकाठी नव्हती. वर्तुळाबाहेरच्या माणसाचा उतरलेला कपडा मात्र वर्ज्य होता. तो निकालात काढायला दारात एक मध्यस्थ यावी लागे. ती म्हणजे बोहारीण.

डोक्यावर भांड्यांची पाटी आणि पाठीवर कपड्यांचे गाठोडे घेऊन दुपारच्या वेळी आळीत हाक देणारी बोहारीण मराठी साहित्यात आणि विनोदात बरीच आली आहे. बहुधा घासाघीस करणाऱ्या गृहिणीच्या नजरेतूनच ती रंगवली गेली. तिच्या बाजूने पाहिले तर हा कसबाचा धंदा आहे. कापड उजेडासमोर धरून विरलेले कोठे ते पाहणे, जरीचा काठ खरा की खोटा ते ओळखणे, किती कपड्यांवर पातेले द्यायचे आणि किती कपड्यांवर नुसता चमचा, हे उभ्याउभ्या ठरवणे, एवढे तिला करावे लागे. मुंबईत या व्यवसायात गुजराती बोलणाऱ्या वाघरी समाजातील स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. जमवलेले कपडे निवडून, दुरुस्त करून, धुऊन-इस्त्री करून पुन्हा विकले जातात आणि ते घेणारा मजूरवर्ग भांड्याच्या बदल्यात कपडा देणाऱ्या गृहिणीला कधी दिसत नाही. दिल्लीतील अशाच व्यवहाराचा अभ्यास करून लुसी नॉरिस यांनी २०१० साली ग्रंथ प्रसिद्ध केला. महाराष्ट्रातील बोहारणींविषयी तशा तोलाचे काम व्हावयास हवे.

याच दारावर आणखी एक खरेदीदार येई, तो जुनी जर घेणारा. पैठणी वा शालूची जर पूर्वी चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा देऊन केली जाई. रेशीम जीर्ण झाले तरी धातू शिल्लक राही. असे वस्त्र जाळून त्यातील चांदी काढली जात असे. अनेक घरांतील आजीच्या पैठणीचा शेवट असा झाला. तिच्या पदरावरचे मोर, कमळे, आसावली यांची नोंद कोणी केली नाही. मोडीचा न्याय वस्त्रालाही लागू झाला, एवढाच याचा अर्थ.

माळा रिकामा होतो

जुन्या घरगुती वस्तू मोठ्या प्रमाणावर बाजारात येण्याचा काळ म्हणजे साधारणतः १९६० नंतरची दोन-तीन दशके. त्यामागे एकच एक कारण नव्हते.

पहिले कारण स्टेनलेस स्टील. पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून आतून कल्हई लागते आणि ती झिजली की कल्हईवाल्याची वाट पाहावी लागते. स्टीलला कल्हई नको, चिंच नको, ते वजनाला हलके आणि ओट्यावर चकचकीत दिसणारे. भांड्यांच्या दुकानांनी जुनी भांडी मोडीत घेऊन नवी देण्याची सोय केली आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे हंडे, तपेल्या, पराती दुकानाच्या तराजूवर आल्या. भांडी घासण्याचे कष्ट ज्या स्त्रियांच्या वाट्याला होते त्यांनी या बदलाचे मनापासून स्वागत केले. आज पितळेच्या आठवणीने हळहळणाऱ्यांत ते घासणारे हात फारसे आढळत नाहीत, हे येथे नमूद केले पाहिजे.

दुसरे कारण घराचे आकारमान. पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील असंख्य घरे व वाडे पडले वा खिळखिळे झाले. पुढे वाड्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहू लागल्या. मालकी हक्काच्या सदनिकांसंबंधीचा महाराष्ट्राचा कायदा १९६३ चा आहे. स्वयंपाकाचा गॅस आला. दोन खोल्यांच्या जागेत पाणी तापवण्याचा बंब, घंगाळ, जाते, मोठा पाट, लाकडी मांडणी कोठे ठेवणार? काही काळ या वस्तू माळ्यावर राहिल्या. सदनिकेला माळा म्हणून जी अरुंद फळी मिळाली ती भरली की पुढचा टप्पा भंगारवाल्याचा.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ मायकेल थॉम्प्सन यांनी १९७९ साली ‘रबिश थिअरी’ या ग्रंथात मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. त्यांच्या मते बहुतेक वस्तूंची किंमत काळाबरोबर घटत जाऊन शून्यावर येते. थोड्या वस्तू टिकाऊ मूल्याच्या मानल्या जातात आणि त्यांची किंमत वाढत जाते. पहिल्या वर्गातून दुसऱ्या वर्गात जाण्याचा मार्ग मात्र मधल्या कचऱ्याच्या अवस्थेतूनच जातो, म्हणजे वस्तू जेव्हा कोणालाच नको असते अशा काळातून. मराठी घरात या अवस्थेचे स्थान म्हणजे माळा. तथापि थॉम्प्सन यांचा सिद्धान्त मराठी परिस्थितीला जसाच्या तसा लागू होत नाही. कचऱ्याची किंमत शून्य असते हे गृहीतक धातूच्या बाबतीत टिकत नाही. पितळेला मोडीचा भाव नेहमीच होता आणि तो होता म्हणूनच वस्तूला माळ्यावर फार काळ पडून राहता आले नाही. लाकडी पाट किंवा दगडी जाते कोणी विकत घेत नव्हते म्हणून ते टिकले. ज्या वस्तूला भाव होता ती वितळली, ज्या वस्तूला नव्हता ती उरली. संग्रहांत काय सापडते आणि काय सापडत नाही याचा विचार करताना हा व्यत्यास ध्यानात ठेवावा लागतो.

बाजार

पुण्यात मंगळवार पेठेत, वीर संताजी घोरपडे मार्गाच्या परिसरात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार प्रसिद्ध आहे. सुटे भाग, हत्यारे, कुलपे, जुने कपडे, नाणी, घड्याळे, पितळी मूर्ती, रेडिओ यांचे ढीग जमिनीवर अंथरलेल्या कापडावर लागतात. बहुतेक गिऱ्हाइके गरजू असतात. गवंड्याला थापी हवी असते, विद्यार्थ्याला सायकलचे चाक हवे असते. हौशी संग्राहक हा या बाजारातील अल्पसंख्य आहे, त्याच्यावर बाजार चालत नाही.

मुंबईत भेंडी बाजारालगतच्या मटण स्ट्रीट परिसरातील चोर बाजाराचे स्वरूप निराळे. तेथे जमिनीवरच्या शुक्रवारच्या बाजाराबरोबर कायम दुकानांची परंपरा आहे आणि जुन्या वस्तूंची पारख असलेले व्यापारी आहेत. ‘शोर’ बाजाराचे ‘चोर’ बाजार झाले अशी व्युत्पत्ती सर्रास सांगितली जाते. तिला ऐकीव कथेपलीकडे आधार दिसत नाही. व्हिक्टोरिया राणीचे हरवलेले व्हायोलिन येथे सापडल्याची कथाही त्याच जातीची. परंतु अशा कथांचा बाजाराला उपयोग असतो. मोड विकणाऱ्याला कथा लागत नाही, जुनी वस्तू विकणाऱ्याला ती लागते. भेंडी बाजाराच्या समूह-पुनर्विकासामुळे या परिसराचा चेहरामोहरा आता पालटत आहे.

या दोन्हींहून जुनी परंपरा लिलावाची. मराठीतील ‘लिलाव’ हा शब्दच पोर्तुगीज ‘लैलांव’वरून आला आहे. बदलीवर वा निवृत्त होऊन मायदेशी जाणाऱ्या युरोपीय अधिकाऱ्यांचे सामान लिलावात निघे आणि त्यातून टेबले, आरसे, घड्याळे, झुंबरे एतद्देशीय घरांत येत. मुंबई-पुण्यातील इराणी उपाहारगृहांतील वाफेने वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्याही मध्य युरोपातून आलेल्या. मायकेल थोनेट याच्या कारखान्याने १८५९ पासून बाजारात आणलेल्या नमुन्याचे ते वंशज होत. एकेक उपाहारगृह बंद पडत गेले तशा त्या खुर्च्या जुन्या सामानाच्या दुकानांत आल्या आणि तेथून नव्या धाटणीच्या कॉफीगृहांत गेल्या. वाड्यांचे सागवानी खांब, दरवाजे, महिरपी यांचाही असाच प्रवास झाला. दरवाजाचे मेज झाले, खांबाच्या तोडीचा दिव्याचा बुंधा झाला.

या साखळीत भाव कोठे वाढतो, हे पाहण्यासारखे आहे. घरातून वस्तू निघते ती वजनावर. भंगारवाल्याच्या वखारीत व्यापाऱ्याचा माणूस ढीग उपसून चांगला नग बाजूला काढतो, तेव्हा मोडीपेक्षा थोडा अधिक भाव दिला जातो. दुकानात आल्यावर तीच वस्तू ‘पेशवेकालीन’ होते. प्रत्यक्षात विसाव्या शतकातील कारखानी भांड्यांनाही हे बिरुद सहज चिकटते. किमतीतील वाढ वस्तूच्या पारखीची असते. ज्या घरात ती शंभर वर्षे नांदली त्या घराला वजनाचे पैसे मिळतात आणि कथेचे पैसे दुकानाला. व्यापाऱ्याचे श्रम व जोखीम नाकारण्याचे कारण नाही. पण कथा मूळ घराजवळ असते आणि ती तेथे कोणी विचारत नाही, ही या व्यवहारातील मोठी त्रुटी होय.

केळकरांचा अपवाद

या पार्श्वभूमीवर डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचे काम उठून दिसते. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे, चष्म्याच्या व्यवसायात असलेले केळकर १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवू लागले. अल्पवयात वारलेल्या राजा या पुत्राच्या स्मरणार्थ त्यांनी संग्रहाला त्याचे नाव दिले. पत्नी कमलाबाई यांची साथ त्यांना होती. पुण्यात शुक्रवार पेठेतील हा संग्रह पुढे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन करण्यात आला. त्यात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. केळकरांना १९८० साली पद्मश्री मिळाली.

त्यांच्या संग्रहाचे वेगळेपण वस्तूंच्या संख्येत नाही, निवडीत आहे. राजेरजवाड्यांची शस्त्रे व सिंहासने सोडून त्यांनी अडकित्ते, वज्री, दिवे, दौती, फण्या, पानाचे डबे, किसण्या जमवल्या. पाय घासण्याच्या वज्रीवर हत्ती, मोर, घोडेस्वार घडवणारा कारागीर कोण होता हे कोणाला ठाऊक नाही, पण त्याचे काम या संग्रहामुळे शिल्लक आहे. ज्या काळात ‘ऐतिहासिक’ या शब्दाचा अर्थ लढाया आणि तहनामे असा होता, त्या काळात स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांना इतिहासात जागा देणे ही मोठी दृष्टी होती.

येथे एक तुलना करण्यासारखी आहे. वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळत होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे त्याचे बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. रद्दीत जाणारा कागद वाचवला पाहिजे, हे महाराष्ट्राला त्या पिढीने शिकवले. कागद वाचवताना तो कोणाच्या दप्तरातला, कोणत्या गावचा, कोणत्या रुमालातला, याची नोंद करण्याची शिस्तही त्यांनीच लावली. वस्तूंच्या बाबतीत ही शिस्त रुजली नाही. संग्रहालयातील पाटीवर बहुधा वस्तूचे नाव, प्रदेश आणि शतक एवढेच असते. ‘अडकित्ता, पितळ, महाराष्ट्र, १९ वे शतक’ या ओळीतून कारागीर, घर आणि वापरणारी व्यक्ती तिन्ही गळालेली असतात. दोष एकट्या संग्राहकाचा नाही. विकणाऱ्याला स्वतःचे नाव सांगायचे नसते, कारण घरातील भांडी विकणे हे अडचणीचे लक्षण मानले जाई.

ध्वनिमुद्रिकांचा धडा

नोंद राहिली तर काय होऊ शकते, याचे उदाहरण ग्रामोफोनच्या तबकड्यांनी दिले आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा पहिला दौरा फ्रेड गायसबर्ग यांनी १९०२ साली कोलकात्यात केला. पुढील अर्धशतकात नाट्यसंगीत, लावणी, ख्याल, भजन, पोवाडे यांच्या चपड्याच्या तबकड्या घरोघर पोहोचल्या. नवे तंत्र आले तशा त्या निरुपयोगी ठरल्या आणि किलोने वा डझनाने जुन्या बाजारात आल्या. ज्यांनी त्या वेचून घेतल्या त्यांत कारकून, शिक्षक, अभियंते, शास्त्रज्ञ असे नोकरदारच अधिक. १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली आणि हौशी संग्राहकांच्या ज्ञानाला व्यासपीठ मिळाले.

तबकडीच्या अंगावरच तिचा पत्ता असतो. मधल्या कागदी चकतीवर गायकाचे नाव, राग किंवा नाटक, कंपनीचे चिन्ह, क्रमांक आणि चकतीलगत कोरलेली साच्याची खूण. सुरुवातीच्या कित्येक मुद्रणांत गायिका शेवटी स्वतःचे नाव उच्चारत. या खुणा जुळवून संग्राहकांनी सूची तयार केल्या, मुद्रणाची साले निश्चित केली, विस्मरणात गेलेल्या गायिकांची कारकीर्द पुन्हा उभी केली. भंगाराच्या ढिगातून संगीताच्या इतिहासाचा एक भाग लिहिला गेला तो केवळ वस्तू वाचली म्हणून नव्हे, तर तिच्यावरील अक्षरे वाचली म्हणून.

याच्या उलट नशीब मूकपटांचे. फिल्मच्या पट्टीवरील रसायनात चांदी असते. चित्रपट जुना झाला की त्याच्या प्रती चांदीसाठी विकल्या गेल्या. भारतातील मूकपटांचा फार मोठा भाग नष्ट झाला, त्यामागील कारणांत हे एक होते. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर (१९३३–२०१६) यांनी दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) व ‘कालिया मर्दन’ (१९१९) यांचे उपलब्ध अंश मिळवले, तोवर बरेच काही वितळून गेले होते. पैठणीच्या जरीची गोष्ट आणि ही गोष्ट मुळात एकच आहे.

भांड्यावरील नावे

पितळेच्या आणि तांब्याच्या भांड्यांवरही अक्षरे असतात. महाराष्ट्रात भांडे विकत घेतले की त्यावर नाव घालून घेण्याची प्रथा होती व आहे. दुकानाच्या पायरीवर बसलेला कारागीर छिन्नीने ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरी, पुढे विजेचे यंत्र आले. काठाखाली किंवा गळ्याशी एक ओळ असते, तीत देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, गाव, प्रसंग आणि तारीख. विवाहातील आहेर, अधिक मासातील जावयाचे वाण, मुंज, बारसे, मृताच्या स्मरणार्थ देवस्थानाला दिलेली समई, ज्ञातीच्या किंवा भजनी मंडळाच्या मालकीची लग्नकार्यात फिरणारी मोठी पातेली, अशा अनेक प्रसंगांची नोंद धातूवर आहे.

या लेखांचे महत्त्व एका विशिष्ट कारणाने आहे. जमिनीच्या कागदांत, वतनाच्या दप्तरांत, पत्रव्यवहारात सामान्य स्त्रीचे नाव क्वचित येते. भांड्यावर ते येते. स्त्रीधन म्हणून मिळालेल्या कळशीवर तिचे नाव असते, कधी माहेरचे तर कधी सासरचे. नणंदेने भावजयीला, मावशीने भाचीला दिलेल्या वस्तूत स्त्रियांच्या परस्परनात्याची देवघेव नोंदलेली असते. कोणत्या गावची मुलगी कोणत्या गावी दिली गेली, आडनाव कोणत्या पिढीपासून लिहिले जाऊ लागले, तारीख शकात घातली की इसवी सनात, अक्षरे बाळबोध की मोडी, अशी सामाजिक इतिहासाची कितीतरी माहिती स्वयंपाकघरातील मांडणीवर उभी होती. ताम्रपटाला अभिलेख म्हणून मान मिळाला, तांब्याच्या हंड्याला मिळाला नाही.

आता ‘नवे जीवन’ देण्याच्या प्रक्रियेकडे पाहता येईल. जुन्या बाजारातून दुकानात आलेले भांडे प्रथम तेजाबाने साफ होते आणि मग फिरत्या चाकावर घासले जाते. ग्राहकाला सोन्यासारखी झळाळी हवी असते आणि दुसऱ्याच्या घरचे नाव नको असते. बैठकीत ठेवलेल्या घंगाळावर अनोळखी कुटुंबाचे नाव दिसावे, हे अवघड वाटणे स्वाभाविक आहे. चाकावर ती ओळ पुसली जाते. खोल कोरलेली असेल तर पॉलिशवाला तेथे थोडा अधिक दाब देतो. मोडीच्या भट्टीतून वाचलेले घंगाळ कुंडी म्हणून शोभते, परंतु साधन म्हणून त्याची अवस्था वितळलेल्या धातूहून फार वेगळी उरत नाही. घाट उरतो, धातू उरतो. घर जाते.

कायद्याचा येथे फारसा उपयोग होत नाही. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७२ चा असून तो ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार सामान्यतः किमान शंभर वर्षे, आणि ऐतिहासिक वा वाङ्मयीन मूल्याच्या हस्तलिखितांसाठी पंचाहत्तर वर्षे, जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. व्यापाऱ्याला परवाना लागतो आणि खाजगी निर्यातीस बंदी आहे. नोंदणीची सक्ती मात्र शिल्पे, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा अधिसूचित प्रकारांनाच आहे. लग्नातली कळशी त्यांत बसत नाही. दुसरीकडे चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे. भारतीय दंड संहितेच्या ४११ व्या कलमाची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाने घेतली आहे. चोरीच्या संशयाची ही टांगती तलवार भांड्यावरील नाव पुसण्यास उत्तेजनच देते, हा एक अनपेक्षित परिणाम म्हणावा लागेल. वस्तू कोठून आली हे सांगणारी खूण व्यापाऱ्याच्या दृष्टीने जोखीम ठरते आणि इतिहासाच्या दृष्टीने तीच खरी संपत्ती असते.

वस्त्राच्या पुनर्वापरात स्थिती थोडी बरी दिसते. पैठणीला २०१० साली भौगोलिक निर्देशन मिळाल्यानंतर जुन्या पैठणीचे काठ-पदर कापून जाकीट, बटवे, तोरणे करण्याचा प्रघात वाढला. कापल्याने साडी संपते हे खरे, पण ती जळत नाही आणि नक्षी डोळ्यांसमोर राहते. शिवाय हे काम बहुधा घरच्याच वस्त्रावर होते, त्यामुळे ‘हा आजीच्या शालूचा पदर’ हे वाक्य तिच्यासोबत पुढच्या पिढीकडे जाते.

भांड्याच्या बाबतीत असे एकच ठिकाण उरले आहे, ते म्हणजे स्वयंपाकघर. अलीकडच्या वर्षांत पितळेच्या आणि तांब्याच्या भांड्यांत पुन्हा शिजवण्याची आवड वाढली असून पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत मठारकामाचे ठोके अजून ऐकू येतात. शोभेसाठी घेतलेले भांडे बाहेरून घासले जाते. शिजवण्यासाठी घेतलेल्या भांड्याला कल्हई लागते आणि कल्हई आतून होते. भांडे निखाऱ्यांवर तापवतात, नवसागर टाकतात, कथलाचा तुकडा फिरवून कापसाने चांदीसारखा थर पसरवतात आणि लगेच पाण्यात बुडवतात. या सगळ्यात बाहेरचा काठ धुराने काळा होतो, पण त्यावरची अक्षरे जागच्या जागी राहतात. घरी नेऊन चिंचेने घासले की ती पुन्हा वाचता येतात.